दैर-अल-बतमसाठी काय मागायचं

घंटेची वेळ झाली की मिस फरियालला आधी गुडघे आठवत आणि मग देव. पूर्वी हा क्रम उलटा होता. ऐन-अल-लौझचं चर्च ज्या कोणी टेकडीच्या माथ्यावर बांधलं, त्याला स्वतःला रोज तिथे चढायचं नसणार, अशी तिची खात्री होती आणि येणाऱ्या प्रत्येक पाद्र्याला ती हे एकदा तरी ऐकवत असे. पाद्री हसत. त्यांच्याकडे गाडी असे.

आताचे पाद्री शुक्री तीन गावं सांभाळत. एक रविवार सोडून ते इथे येत, घाईघाईनं उपासना घेत आणि कॉफी अर्धी टाकून पुढच्या गावाला पळत. उरलेल्या सगळ्या संध्याकाळी फरियालच्या गळ्यात पडल्या होत्या. गावातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून ती निवृत्त झाली होती, नवरा वारला होता, मुलगा वसीम शारजाला होता. रिकामी बाई म्हणून सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तेव्हा तिला तो मान वाटला होता. आता त्यातला मान कधीच झडून गेला होता आणि काम तेवढं शिल्लक होतं.

काम म्हटलं तर सोपं. बिशपांच्या कार्यालयातून दरवर्षी एक छापील पुस्तिका येई. रोजच्या तारखेसमोर आपल्याच हद्दीतल्या एका मंडळीचं, म्हणजे एका चर्चच्या भाविकांचं, नाव, आणि त्याखाली जगातल्या कुठल्यातरी लांबच्या बिशपांच्या हद्दीचं. संध्याकाळी दोन्ही नावं देवाच्या कानावर घालायची. मंडळ्या थोड्या आणि दिवस फार, त्यामुळे नावं फिरून फिरून येत. लांबच्या नावांची तिला, भूगोलाची असूनही, धास्ती वाटे. हिंदुस्थानात नाशिक म्हणून काही आहे, तिथे एकदा पूर आल्याचं ऐकून तिनं प्रार्थना केली होती. तेव्हापासून अबू नायिफची समजूत झाली की नाशकात बारा महिने पूरच असतो. ते नाव आलं की उठता उठता तो हळूच विचारी, "ओसरलं का हो पाणी, मिस?"

अबू नायिफ म्हणजे उत्तर देणारा. एकट्यानं म्हणायची ती घरची प्रार्थना. चर्चमधली प्रार्थना सगळ्यांची, तिला एक मागणारा लागतो आणि एक उत्तर देणारा, असं ऐन-अल-लौझमध्ये पूर्वीपासून मानत आले आहेत. एकेकाळी बाक भरलेले असत तेव्हा हा नियम कुणाच्या लक्षातही आला नसता. आता मागणारी फरियाल आणि उत्तर देणारा अबू नायिफ, एवढीच मंडळी उरली होती. प्रत्येक मागणं संपवून ती थांबे, आणि मागच्या बाकावरून अबू नायिफ भरदार आवाजात म्हणे, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." हयातभर इरबिद शहराची बस चालवलेला माणूस. ठरलेल्या थांब्यावर थांबायचं, ठरलेलं वाक्य म्हणायचं. खिशात भोपळ्याच्या भाजलेल्या बिया असत, पण प्रार्थना चालू असताना त्यानं एकही फोडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

फरियालची मात्र एक मास्तरी खोड होती. नुसतं नाव घेऊन मोकळं व्हायचं तिला पटत नसे. ज्या मंडळीचं नाव उद्या आहे तिला ती आज फोन लावी आणि विचारी, "उद्या आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करणार आहोत. काय मागायचं?" सुरुवातीला लोक गडबडत. सगळं छान चाललंय, देवाची कृपा आहे, म्हणून फोन ठेवायला बघत. हळूहळू त्यांना सवय झाली आणि मग तोंडं उघडली. कुणाचा जनरेटर बंद पडलेला, कुणाच्या पेटीवाल्याला मोतीबिंदू, कुणाची सगळी तरुण पोरं कॅनडाला गेलेली. एका बाईनं तर आवाज खाली आणून सांगितलं होतं, "आमच्या पाद्र्यांचं प्रवचन जरा आखूड व्हावं म्हणून मागाल का? पण माझं नाव नका हो सांगू." फरियालनं तेही मागितलं. वचन सांगणाऱ्यांना नेमकेपणा दे, अशा शब्दांत. अबू नायिफनं त्या दिवशी नेहमीपेक्षा मोठ्यानं उत्तर दिलं होतं.

फक्त एका मंडळीला तिनं कधी फोन लावला नव्हता. दैर-अल-बतमला.

दैर-अल-बतम काही फार लांब नव्हतं. इरबिदला जाऊन दुसरी बस धरली की सरहद्दीकडच्या उघड्या माळावर ते गाव लागतं. तिथल्या पाद्र्याशी, जिर्यिसशी, फरियालच्या धाकट्या बहिणीचं, बहीजाचं, लग्न झालं होतं. दोघी बहिणींचं चांगलं मेतकूट होतं. मग आईला पक्षाघात झाला. आई फरियालच्या घरी होती, फरियालच तिला भरवत होती, कूस बदलून देत होती, रात्री जागत होती. इस्टरआधीचा पवित्र आठवडा सुरू झाला तेव्हा आईनं बहीजाचं नाव घ्यायला सुरुवात केली. अर्ध्या तोंडानं, पण कळण्यासारखं. फरियालनं फोन केला. बहीजा म्हणाली, "इस्टर होऊ दे, मग येते. या आठवड्यात पाद्र्याच्या बायकोनंच घर सोडलं तर मंडळी काय म्हणेल?" आई शनिवारी गेली. इस्टर उजाडायच्या आत.

मातीच्या वेळी बहीजा आली, धाय मोकलून रडली. आणि फरियालनं सगळ्या गावादेखत तिला सुनावलं, "मंडळीच तुझी आई. जा तिच्याकडेच. इथे तुझं कुणी नाही आता." ती गेली. त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली. मधे जिर्यिसही वारला. फरियाल गेली नाही, पाद्री शुक्रींकरवी दोन शब्द कळवले. नवा पाद्री त्या गावाला मिळालाच नाही. बहीजा तिथल्याच घरात राहून चर्च झाडत राहिली, असं कानावर येई.

गंमत अशी, म्हणजे फरियालला त्यात गंमत वाटत नसे, की ज्या मंडळीनं तिची बहीण अडवून ठेवली, तिच्याच भल्यासाठी तिला देवापुढे हात जोडावे लागत. पुस्तिकेत नाव आलं की सुटका नाही. मग ती दैर-अल-बतमचा दिवस कडू औषधासारखा उरकून टाकी. "दैर-अल-बतम येथील सर्वांना शांती दे," एवढंच, एका दमात, आणि लगेच लांबच्या हद्दीकडे. अबू नायिफ उत्तर देई. इतकी वर्षं देत आला होता.

त्या गुरुवारी दैर-अल-बतमचा दिवस होता. ऑलिव्ह अजून झाडावरच होते, वाऱ्यात सकाळपासून धूळ होती. फरियालनं सकाळी चादरी धुतल्या आणि धुळीमुळे दुपारी पुन्हा धुतल्या. संध्याकाळी टेकडी चढताना ती मधल्या दगडावर टेकली तेव्हा उठावंसंच वाटेना. ती थकली होती, आणि हा एका झोपेत उतरणारा थकवा नव्हता. रोज कुणाच्या तरी गळक्या छतासाठी मागायचं, आणि पुढच्या फेरीत फोन केला तर छत गळतंच असायचं. बहीजावरचा रागसुद्धा आता थकला होता. पण राग सोडायलाही अंगात बळ लागतं, ते कुठून आणायचं?

वर अबू नायिफ दारातच उभा होता. खालच्या मशिदीची बांग संपेपर्यंत इथली घंटा वाजवायची नाही, असा गावात जुना शिरस्ता. तेवढ्या वेळात दोघं पायरीवर बसून गप्पा मारत. आज तो बसला नाही.

"पाद्री शुक्रींचा फोन होता," तो म्हणाला. "दैर-अल-बतम बंद होतंय, मिस. येत्या रविवारी बिशप येणार, शेवटची उपासना घेणार, किल्ली घेऊन जाणार. चार म्हाताऱ्या उरल्यात तिथे. त्यांना इरबिदच्या मंडळीत घालणार."

फरियाल रुमालानं चष्मा पुसत राहिली. "बरं झालं. कुणीतरी सुटलं."

"आणि मदाम बहीजा मुलींकडे चालल्यात. ऑस्ट्रेलियाला. सोमवारी."

"जाऊ दे. तिथे तिला मोठी मंडळी मिळेल."

"मिस…"

"बांग संपली, अबू नायिफ. घंटा वाजवा."

त्यानं घंटा वाजवली. दोघं आत गेले. आत धुळीचा वास होता, तिनं मेणबत्ती लावली, पुस्तक उघडलं. स्तोत्र झालं, वचन झालं. मग ती मागणी मागू लागली. देशासाठी, पावसासाठी, आजाऱ्यांसाठी. प्रत्येकाला मागच्या बाकावरून उत्तर आलं. मग तिनं तो एक दम घेतला.

"दैर-अल-बतम येथील सर्वांना शांती दे."

आणि थांबली. उत्तर आलं नाही.

तिला वाटलं, म्हातारा पेंगला. तिनं खाकरून पुन्हा म्हटलं. उत्तर नाही. मागे वळून पाहिलं तर अबू नायिफ टक्क जागा, छातीवर हाताची घडी घालून बसलेला.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"ठणठणीत आहे."

"मग म्हणा की!"

"नाही म्हणणार."

फरियालनं पुस्तक मिटलं. अख्ख्या नोकरीत तिच्या वर्गात असं कुणी बोललं नव्हतं. "प्रार्थना अडवताय? देवाच्या घरात?"

"मी कुठे अडवतोय? तुम्ही मागा, मी म्हणतो. पण मागा तरी काहीतरी! नाशकातल्या पुरासाठी तुम्ही पाव तास घेतलात. कोण कुठलं नाशिक! आणि सख्ख्या बहिणीच्या मंडळीला 'शांती दे', संपलं. वर मी 'ऐक' म्हणायचं. काय ऐक? देव म्हणेल, अबू नायिफ, हिनं काही मागितलंच नाही, तू मला काय ऐकायला सांगतोयस?"

"इतकी वर्षं म्हणालात ते?"

"म्हणालो. वाटायचं, पुढच्या फेरीला मागेल. आता पुढची फेरी नाही, मिस. रविवारनंतर ते नाव पुस्तिकेतून जाणार. आज शेवटचं."

"तुम्हाला काय माहीत माझ्या घरात काय झालं ते?"

"मी खांदेकरी होतो तुमच्या आईचा. मातीच्या वेळी तुम्ही जे बोललात ते माझ्या या कानापाशीच बोललात." त्यानं कोटाच्या खिशातून मोबाइल काढून बाकावर ठेवला. "बाकीच्या सगळ्यांना फोन करता. यांना करा. काय मागायचं ते विचारा. बहीण म्हणून नका विचारू, मंडळी म्हणून विचारा. मग मी एकदा काय, दहादा म्हणतो."

"आणि नाही केला तर?"

"तर बसू इथेच. मला घरी कोण वाट बघतंय?"

तिला त्याला घालवून द्यावंसं वाटलं. पण घालवून दिलं तर उत्तर कोण देणार? एकटीनं पुढे रेटलं असतं तर ती प्रार्थनाच झाली नसती. आणि भांडण पुढे न्यायचं तर उभं राहावं लागलं असतं. ती पहिल्या बाकावर जाऊन बसली. म्हातारा खरंच हलला नाही. बाहेर वारा पत्र्यावर धूळ ओतत होता. शेवटी तिनं हात मागे केला.

"आणा इकडे. नंबर पुस्तिकेत असेल."

"लावलेला आहे," अबू नायिफ म्हणाला, "फक्त हिरवं दाबा." आणि अगदीच बघत नाहीसं दाखवायला भिंतीवरच्या दिव्याच्या वातीशी खुडबूड करायला गेला.

पलीकडे बराच वेळ वाजत राहिलं. मग कुणीतरी उचललं.

"हॅलो?"

आवाज आईचा होता. म्हणजे बहीजाचाच, पण वय होता होता आईच्या आवाजाला जाऊन मिळालेला. फरियालच्या हे ध्यानीमनी नव्हतं. तिनं मंडळ्यांना लावायचा तो आपला सरकारी सूर घट्ट धरला.

"दैर-अल-बतमची मंडळी का? मी ऐन-अल-लौझहून बोलतेय. आज संध्याकाळच्या प्रार्थनेत तुमचं नाव आहे. काय मागायचं तुमच्यासाठी?"

पलीकडे रेडिओ चालू होता. तो बंद झाला. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"लिहून घेते आहेस?" बहीजानं विचारलं.

"लक्षात राहतं माझ्या."

"ते माहीत आहे." श्वास घेतल्याचा आवाज आला. "बरं. छत गळतं, पण ते आता मागू नकोस, गळू दे. उम्म इल्यासच्या सुनेला दिवस गेलेत, ती फार ओकते, तिच्यासाठी माग. म्हाताऱ्यांना इरबिदला न्यायला दर रविवारी गाडी मिळू दे, नाहीतर त्या घरीच बसतील. बाक कोण नेणार ते अजून ठरत नाहीये, त्यासाठी माग. शाळेला देऊ म्हटलं तर ते म्हणतात, पोरांच्या पायांना उंच होतील."

"झालं?"

"झालं."

फोन ठेवायचा. इथे तिचे सगळे फोन संपत. अंगठा बटणापर्यंत गेलाही.

"आणि पाद्र्याच्या बायकोसाठी?" तिनं विचारलं.

"तिच्यासाठी काही मागू नकोस. मागून मागून तीच दमलीये." बहीजा हसली, पण हसणं पुरतं बाहेर आलं नाही. "रविवारी बिशप येतायत ना. पहिल्या बाकावर घरच्यांनी बसायचं असतं. मुलींना सुट्टी नाही, त्या विमानतळावर न्यायला येतील. म्हाताऱ्या आपापल्या जागा सोडायच्या नाहीत, इतक्या वर्षांची सवय. मी एकटीच बसेन म्हणते, पुढे. बरं दिसत नाही, पण काय करणार."

ती ये म्हणाली नाही. पण एवढं सगळं कशासाठी सांगतेय ते न कळण्याइतकी फरियाल बावळट नव्हती. तिचं डोकं लगेच कामाला लागलं. रविवारी पाद्री शुक्री येणार नाहीत, त्यांची पाळी दुसऱ्या गावाची. चर्च तिला उघडायचंय. जायचं तर शनिवारीच निघायला हवं, म्हणजे शनिवार गेला, रविवार गेला. इतक्या वर्षांत एक संध्याकाळ चुकली नाही. आणि गाव काय म्हणेल?

"रविवारी इथे मलाच सगळं बघायचंय," ती म्हणाली. "आमचे पाद्री नसतात त्या दिवशी. रविवार होऊ दे, मग येते."

बोलली, आणि जिभेला चटका बसला. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. पंधरा-सोळा वर्षं तिनं ते मनात घोळवलं होतं, स्वयंपाक करताना, चादरी धुताना, दैर-अल-बतमच्या दिवशी टेकडी चढताना. ते इतकं सहज, इतकं शहाण्यासारखं तोंडातून निघू शकतं हे तिला माहीत नव्हतं. आईच्या खाटेपाशी उभं राहून ते ऐकताना ते दगडाचं वाटलं होतं. म्हणताना त्याला काहीच वजन नव्हतं.

ती वाट बघू लागली. आता बहीजा बोलेल. बोलायलाच हवं होतं तिनं. एवढ्या वर्षांचं उट्टं काढायची याहून सोन्यासारखी संधी कुणाला मिळते? फरियालनं डोळे मिटून घेतले.

"हो गं," बहीजा म्हणाली. "मंडळीचं असतं तसं. सोडून निघता येत नाही. माहीत आहे मला."

टोमणा नव्हता. फरियालनं कान देऊन शोधला, त्या आवाजात कुठेच टोमणा नव्हता. थकलेली बाई दुसऱ्या थकलेल्या बाईला खरोखरच समजून घेत होती. तिच्यानं ते सोसवेना. तिला रडू फुटलं, मोठ्यानं, नाक वाहेपर्यंत, माती देतानाही रडली नव्हती तसं. दिव्यापाशी अबू नायिफनं वात पार विझवून टाकली.

"फरियाल? अगं, काय झालं? फरियाल!"

"रविवार गेला खड्ड्यात," फरियाल म्हणाली. "उद्या येते मी."

"उद्या? उद्या कशी? घर सगळं खोक्यांत गेलंय. गाद्या देऊन टाकल्या. झोपशील कुठे?"

"बाक न्यायला कुणी आलं नाही ना अजून?"

"नाही."

"मग बाकावर."

पलीकडे बहीजा हसली की रडली ते कळलं नाही. "आईची आठवण काढू नकोस पण आल्या आल्या," ती म्हणाली. "जेवू दे आधी मला. मग काढ. मग हवं तेवढं बोल."

"मी काही बोलणार नाही."

"तू? तू बोलणार नाहीस?"

"तुझीच जीभ लांब आहे. ठेव आता फोन. प्रार्थना राहिलीये."

तिनं तोंड पुसलं, चष्मा घातला, उभी राहिली. गुडघे दुखतच होते. अबू नायिफ आपल्या बाकावर जाऊन बसला. तिनं पुस्तक उघडलं नाही. उम्म इल्यासच्या सुनेसाठी मागितलं, तिच्या पोटात अन्न ठरू दे. म्हाताऱ्यांच्या गाडीसाठी मागितलं. बाकांसाठी मागितलं, त्यांच्यावर पुन्हा कुणीतरी बसू दे. प्रत्येक मागण्यावर मागून उत्तर आलं. मग ती म्हणाली, "बहीजासाठी." आणि पुढे तिला शब्द सापडले नाहीत. वर्गात फळ्यापाशी पोर उभं राहावं तशी ती उभी राहिली. अबू नायिफनं वाक्य पुरं व्हायची वाट पाहिली. ते होणार नाही असं दिसल्यावर त्यानं आहे त्यावरच म्हटलं, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." आज बसवाल्याचा तो भरदार आवाज त्यात नव्हता.

दार लावताना तो म्हणाला, "पहिल्या बसनं निघा. ड्रायव्हर ओळखीचा आहे, पुढची जागा ठेवायला सांगतो. इरबिदहून दैर-अल-बतमची गाडी उशिरानं सुटते."

"आणि इथलं? शनिवार? रविवार?"

"पाद्री शुक्रींच्या बायकोला बोलावतो. त्या मागतील. नाहीतर मी मागेन आणि माझ्या पोराला, नायिफला, फोनवर धरीन उत्तराला. दुबईत बसून एक वाक्य म्हणायला काय जातंय त्याचं?"

"तो म्हणेल?"

"बाप आहे मी त्याचा."

दोघं पायऱ्या उतरू लागले. वारा पडला होता. मधल्या दगडापाशी ती थांबली, तोही थांबला आणि बिया काढून तिच्यापुढे धरल्या. तिनं चार घेतल्या.

"आणि उद्याचं काय?" त्यानं विचारलं. "उद्या संध्याकाळी तर कुणीच मिळायचं नाही एवढ्यात. पाद्र्यांच्या बायको माहेरी गेल्यात शनिवारपर्यंत, आणि नायिफची उद्या रात्रपाळी. चर्च बंद राहील. असं कधी झालं नाही, मिस. उद्या कुणाचं नाव आहे?"

फरियालला पुस्तिका बघावी लागली नाही. दर फेरीत दैर-अल-बतमच्या दुसऱ्या दिवशी तेच नाव येई.

"आपलं," ती म्हणाली. "उद्या ऐन-अल-लौझ आहे. सगळीकडे आपल्यासाठी मागणार आहेत. मागू देत की त्यांना एक दिवस."

अबू नायिफनं थोडा विचार केला, मग मान डोलावली. फरियाल दगडावर टेकली, आणि आज तिला उठायची घाई नव्हती.